युद्ध तिकडे, मग मोर्चा इकडे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही डोंबिवलीचे, पुतणी कॉलेजात आहे, तिला मैत्रिणींबरोबर आझाद मैदानात युद्धविरोधी निदर्शनाला जायचंय, आणि त्यांची मागणी अशी की या परक्या युद्धात आपल्या देशाने कुणालाच शस्त्रं देऊ नयेत. तिचे वडील म्हणजे तुमचे दादा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, ८८-८९ ला श्रीलंकेत होते. ते भडकलेत. म्हणतात हे देशाच्या विरोधात आहे, आणि इथे लोकलला लटकून माणसं मरतात त्याचं आधी बघा. तुम्ही मधल्या मधे अडकलात, म्हणून विचारताय की लोक हे करतात तरी का, त्याने काही होतं का, आणि पोरीला पाठवायचं की नाही.

मी गोदी कामगारांच्या युनियनमध्ये आयुष्य काढलं. पत्रकं छापून आणा, वाटा, पोलीस स्टेशनात परवानगीसाठी बसून राहा, माईकवाला ठरवा, ही सगळी कामं केलीत, आणि त्यात युद्धविरोधी मोर्चेही आले. म्हणजे मी काही तटस्थ माणूस नाही हे आधीच सांगून टाकतो. पण लोक कशासाठी येतात आणि कशासाठी येत नाहीत हे पुष्कळ जवळून बघितलंय, त्यावरून लिहितो.

आधी एक गोष्ट सुटी करू. युद्धाच्या बातम्या बघून वाईट सगळ्यांनाच वाटतं, त्यात विशेष काही नाही, चॅनल बदलतात आणि जेवायला बसतात. तुमच्या दादांना खटकतंय ते हे की लढतायत दुसरे, मारतायत दुसरे, आणि ही पोरं बोट दाखवतायत आपल्याच सरकारकडे. हा खरा प्रश्न आहे. समजा शेजारच्या बिल्डिंगमध्ये मारामारी चालू आहे आणि आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी आपल्याच मेंटेनन्सच्या पैशातून त्यातल्या एका पार्टीला काठ्या पुरवतोय, तर तुम्ही जाब कोणाला विचारणार? शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुम्हाला कोण ओळखतं? तुमचं मत तुमच्या मीटिंगमध्ये, वर्गणी तुमची, सेक्रेटरी तुमचा. परक्या युद्धातला जेवढा भाग आपल्या देशाच्या हातात आहे तेवढ्याच भागावर आपलं काही चालतं, म्हणून माणूस तिथे जाऊन उभा राहतो. बाकीच्यांवर राग नसतो असं नाही, पण ती सरकारं मत मागायला डोंबिवलीत येत नाहीत.

आता ‘सहभाग’ म्हटलं की लोकांना वाटतं सैन्य पाठवणं. तेवढंच नसतं. मुंबईचंच उदाहरण देतो, कारण इथे बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं आणि आपली माणसं तिथे अडकली. एक लाख सत्तर हजारांच्या वर लोक अम्मानमार्गे विमानांनी परत आणले, त्यातले बहुतेक इथे मुंबईत उतरले. वीस-वीस वर्षांचा संसार टाकून एका बॅगेवर आलेली माणसं होती ती. आणि जानेवारी १९९१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्याच शहराच्या विमानतळावर अमेरिकन लष्कराची मालवाहू विमानं आखाताकडे जाताना तेल भरून घेत होती. मुंबई, मद्रास, आग्रा, असं चाललं होतं. चंद्रशेखर यांचं सरकार होतं, स्वतःचं बहुमत नाही, काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं. फोटो पेपरात आला आणि ओरड सुरू झाली. डावे ओरडले, राजीव गांधी बोलले, फेब्रुवारीत ते तेल भरणं बंद झालं.

त्या दिवसांत आम्ही मशीद बंदर स्टेशनच्या पुलावर पत्रकं वाटायचो. वरून एक पत्रक आलं होतं, दोन्ही बाजूंनी बारीक टाइप, सुरुवातच ‘साम्राज्यवादी शक्तींच्या’ वगैरे. लोक घ्यायचे, घडी घालायचे, खिशात टाकायचे, आणि पुलाच्या खाली उतरलं की तीच पत्रकं पायाखाली दिसायची, एखाद्यावर भजी ठेवलेली असायची. मग आमच्यातल्या एकाने, तो क्लार्क होता गोदीत, फक्त तीन ओळींचं पत्रक केलं. मोठ्या अक्षरात वर एकच प्रश्न, आपल्या सहार विमानतळावर कोणाची विमानं तेल भरतायत? त्याला लोक थांबले. अक्षरशः पुलाच्या मधोमध उभे राहून वाचायला लागले आणि मागची गर्दी शिव्या घालायला लागली. एक बाई परत वर चढून आली आणि विचारायला लागली की आमचे भाऊजी अजून दुबईत आहेत, इथून त्यांची विमानं जातात म्हणजे तिकडे आपल्या माणसांवर कोण राग काढेल का. तिला साम्राज्यवादाशी काही देणंघेणं नव्हतं, पण प्रश्न तिने बरोबर पकडला होता. आपल्या नावाने काहीतरी चाललंय, आपल्याला सांगितलेलं नाही, आणि भोगायचं मात्र आपण.

माझ्या अनुभवात युद्धविरोधी गर्दीतली निम्मी माणसं या ‘विचारलं नाही’ वर येतात. आणि ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, परदेशातून आलेली फॅशन नाही. पहिल्या महायुद्धात तेरा लाख हिंदी माणसं साहेबाच्या बाजूने गेली, पंचाहत्तर हजारांच्या आसपास मेली. जून १९१८ मध्ये इथेच मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली होती, अजून माणसं द्या पैसे द्या म्हणून. टिळक उठले. माणसं द्यायला त्यांचा विरोध नव्हताच हो, त्यांचं म्हणणं स्वराज्याचं काय ते आधी बोला. गव्हर्नरने मध्येच तोडलं, टिळक सभा सोडून बाहेर पडले. नंतर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने तर एका घोषणेत अख्खा देश युद्धात घातला, इथल्या एकाही पुढाऱ्याला विचारलं नाही, म्हणून इथलं खेर मंत्रिमंडळ आणि बाकी प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन मोकळी झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला, नव्वद हजार माणूस बाहेर होता म्हणतात. पुढच्या वर्षी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिलं नाव निवडलं ते विनोबांचं, पवनारहून, म्हणणं इतकंच की या युद्धाला माणूस किंवा पैसा देणं चूक आहे.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणीतरी मला ऐकवेल. तो १९३९ चा संप घडवणारे आमचे डावे लोक १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर फिरले आणि त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हणायला लागले. म्हणजे युद्धविरोधी मोर्चात येणारा प्रत्येक जण शांततेचा पुजारी असतो असं समजू नका. कोणी सगळ्याच युद्धांच्या विरोधात असतो, कोणी फक्त या युद्धाच्या, कोणाला समोरची पार्टी जवळची वाटते, कोणाला नुसता पंतप्रधान आवडत नाही. मैदानात हे सगळे एकाच बॅनरखाली उभे असतात आणि चहाच्या टपरीवर एकमेकांशी भांडतात. तुमची पुतणी यातली कुठली ते तिला विचारा, मला नाही सांगता येणार.

पण मला स्वतःला सगळ्यात आपली वाटते ती १९४६ ची गोष्ट. फेब्रुवारीत तलवार या नौदलाच्या तळावर, कुलाब्याला, खलाशांनी संप केला. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो की जेवण निकृष्ट होतं आणि गोरे अधिकारी शिव्या द्यायचे, ते खरंच होतं. पण त्यांच्या मागण्यांची यादी बघा, तिच्यात पगार, जेवण, आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका याच्या जोडीला एक मागणी होती की इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा. तिकडे डच लोकांना आपली वसाहत परत हवी होती आणि इंग्रजांनी आपले हिंदी जवान सुराबायाला इंडोनेशियन स्वातंत्र्यवाल्यांवर घातले होते. आता विचार करा, वीस-बावीस वर्षांची पोरं, स्वतः गणवेशात, आमटी पाणचट म्हणून भांडतायत आणि त्याच कागदावर लिहितायत की आमच्यासारख्याच दुसऱ्या गुलाम देशाला दाबायला आमचे भाऊ वापरू नका. मुंबईने त्यांना उचलून धरलं. गेटवेवर लोक त्यांच्यासाठी खायला घेऊन गेले, २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, आणि परळ-लालबाग भागात लष्कराने गोळ्या घातल्या. दोनशेच्या वर माणसं मेली शहरात. ही मागणी करणारे देशाच्या विरोधात होते असं आज तुमचे दादाही म्हणणार नाहीत. ते म्हणतील तेव्हा सरकार परकं होतं. बरोबर आहे, तो फरक आहेच. पण मग माझा उलटा प्रश्न असा की सरकार आपलं झालं तर विचारायचा हक्क वाढायला हवा की कमी व्हायला?

त्याच काळात ऑस्ट्रेलियातल्या गोदी कामगारांनी इंडोनेशियाला निघालेली डच जहाजं भरायला नकार दिला होता आणि त्यांच्या बरोबर आपले हिंदी खलाशीही जहाजावरून उतरले. गोदीवाल्यांना ही परंपरा माहीत असते, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केलं की इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आम्ही हाताळणार नाही, तेव्हा मला नवल वाटलं नाही. बाहेरच्याला वाटतं की बंदरावरच्या माणसाचा आणि गाझाचा काय संबंध. अहो पेटी तोच उचलतो, क्रेनवर तोच असतो. आणि मुंबईच्या गोदीला युद्धाचा माल काय असतो हे शिकवावं लागत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उडालं, पोटात कापसाच्या गाठी आणि चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, मांडवीपर्यंत आग. आठशेच्या वर माणसं गेली. लढाई ब्रह्मदेशात आणि युरोपात चालू होती, मेले ते गोदीतले हमाल आणि आग विझवायला गेलेले बंबवाले.

पोरांचं कारण वेगळं. जिथे सक्तीची भरती असते तिथे मोर्चे मोठे होतात, हे सरळ आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला टीव्हीवर सोडत काढली, काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. ज्याची जन्मतारीख आधी निघेल त्याला आधी व्हिएतनामला बोलावणं. लोक घरात बसून आपल्या पोराची तारीख निघते का बघत होते, आता असं घर उद्या मोर्चाला नाही जाणार तर कुठे जाणार? इस्रायलमध्येही बघा. फेब्रुवारी १९९७ मध्ये सैनिकांना लेबनॉनला नेणारी दोन हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळली, ७३ जवान गेले, आणि त्यानंतर उत्तरेकडच्या चार आयांनी चळवळ सुरू केली, नावच फोर मदर्स. त्यांची पोरं तेव्हा सैन्यात होती. त्यांना तिथेही लोक म्हणायचे की स्वयंपाकघरात बसा, तुम्हाला संरक्षणातलं काय कळतं. मे २००० मध्ये सैन्य लेबनॉनमधून बाहेर आलं. फक्त त्यांच्यामुळे आलं असं मी म्हणत नाही, पण निवडणुकीत तो मुद्दा झाला तो त्यांनी लावून धरल्यामुळे.

आपल्याकडे भरती खुशीची आहे, म्हणून हे कारण मुंबईत चालत नाही. ते चालायला हवं सातारा-कोल्हापूरकडे, पण फौजी घरं मोर्चात येत नाहीत. ती गप्प सोसतात.

आणि इथेच तुमच्या दादांकडे येतो, कारण मला वाटतं त्यांचा राग पुतणीवर नाहीये, जुना आहे. जुलै १९८७ मध्ये श्रीलंकेशी करार झाला, शांतिसेना म्हणून आपली पोरं गेली, आणि ऑक्टोबरपासून ज्या तमिळांच्या संरक्षणासाठी गेली म्हणत होते त्यांच्यातल्याच लिट्टेच्या वाघांशी लढायला लागली. बाराशेच्या आसपास जवान गेले. सिंहली म्हणत होते चालते व्हा, तमिळ म्हणत होते चालते व्हा, श्रीलंकेचा राष्ट्राध्यक्षच निघा म्हणायला लागला. आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदरात उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, ठरवून गेले नाहीत. आता जो माणूस विशीत तिथे होता, ज्याच्या बाजूचा गेला असेल, त्याला निदर्शन हा शब्द ऐकला की काय आठवत असेल? त्याला आठवत असेल की मी सांगितलं ते केलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. माझं स्पष्ट मत आहे की करुणानिधींनी तिथे चुकीच्या माणसावर राग काढला. तमिळ जनतेचं दुःख खरं होतं, पण निर्णय दिल्लीत झाला होता आणि शिक्षा मिळाली ती बोटीवरून उतरणाऱ्या शिपायाला. युद्धविरोधी लोकांनी ही गल्लत बऱ्याचदा केलीय, अमेरिकेतही व्हिएतनामहून आलेल्यांना कमी ऐकावं लागलं नाही.

पण दादांना याची दुसरी बाजूही सांगा. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेले शेकडो सैनिक वॉशिंग्टनला गेले आणि संसदेसमोर आपली पदकं फेकली. त्यांच्याइतकं देशासाठी कोणी दिलं होतं? आम्हाला कशासाठी पाठवलं, हा प्रश्न सगळ्यात जास्त हक्काने तोच विचारू शकतो जो जाऊन आलाय. दादांनी हा प्रश्न मनातल्या मनात विचारला नसेल असं मला वाटत नाही. आणि जाता जाता, आपल्याकडे परदेशात सैन्य पाठवायला संसदेचं मत घ्यावं लागत नाही, सरकार ठरवतं आणि पाठवतं. मग आधी प्रश्न विचारायची जागा उरते कुठली?

लोकलचा मुद्दा. हा फक्त दादांचा नाही. गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात निदर्शन करायला पोलिसांनी परवानगी नाकारली, त्याविरुद्ध माकपवाले हायकोर्टात गेले, तर जुलै २०२५ मध्ये कोर्टानेही हेच सुनावलं की आपल्याच देशात प्रश्न कमी आहेत का, कचरा बघा, गटारं बघा, पूर बघा. पुढच्या महिन्यात परवानगी मिळाली ही गोष्ट वेगळी. माझं यावर साधं निरीक्षण आहे. परक्या युद्धासाठी जी मूठभर माणसं मैदानात येतात ना, तीच रेशनच्या मोर्चाला असतात, तीच पाण्याच्या टँकरवरून वॉर्ड ऑफिसला बसलेली असतात, चेहरे पाठ झालेत मला. आणि ‘आधी गटार बघा’ म्हणणारे गटाराच्या मोर्चाला येत नाहीत. हे जरा टोचून बोललो, असो. पण दादांच्या म्हणण्यात एक खरं आहेच, की दुपारी तीनला आझाद मैदानात यायला ज्याचा खाडा पडत नाही तोच येऊ शकतो. म्हणून ही गर्दी कॉलेजची पोरं, रिटायर लोक आणि युनियनवाले यांचीच दिसते. नाका कामगार येत नाही म्हणजे त्याला पडलेलं नाही असा अर्थ काढू नये, तेलाचा भाव वाढला की युद्ध त्याच्या घरी सगळ्यात आधी पोचतं.

खोटं बोलल्याचा राग हा अजून एक मोठा प्रकार, पण त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. इराकमध्ये महासंहारक शस्त्रं आहेत म्हणून सांगितलं, १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर शेकडो शहरांत लोक उतरले, लंडनमध्ये दहा लाखांच्या घरात, रोममध्ये त्याहून जास्त. ब्रिटनच्या मंत्रिमंडळातून रॉबिन कुक बाहेर पडले. युद्ध तरी झालं. शस्त्रं सापडली नाहीत.

मग फायदा काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. युद्ध मोर्चाने थांबतं का? बहुतेक वेळा नाही थांबत, निदान लगेच तर नाहीच. व्हिएतनामला वर्षानुवर्षं मोर्चे निघत होते आणि तरी अठ्ठावन्न हजार अमेरिकन मेले, व्हिएतनामी किती लाख त्याची तर गणतीच निराळी. पण २००३ लाच आपल्याकडे काय झालं बघा. बगदाद पडल्यावर अमेरिकेने भारताकडे सैन्य मागितलं, एक अख्खी डिव्हिजन, सतरा हजारांच्या आसपास जवान. दिल्लीत बरेच जण हो म्हणायला तयार होते, अमेरिकेशी जवळीक होईल, कंत्राटं मिळतील. वाजपेयींच्या सरकारने १४ जुलैला नाही म्हणून सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा आदेश असेल तर बघू. यात मोर्चांचा वाटा किती? मोजता येणार नाही. विरोधी पक्ष विरोधात होते, लोकांचं मत विरोधात होतं, पुढच्या वर्षी निवडणूक होती, शवपेट्या आल्या तर काय याचा हिशोब कोणीतरी केलाच असेल. पण सरकारला वॉशिंग्टनला सांगायला हे झालं की आमच्याकडे लोक ऐकणार नाहीत. मैदानात कोणीच नसतं तर हे सांगता आलं असतं का? पुढच्या काळात इराकमध्ये काय झालं ते आठवा आणि दादांना विचारा की त्या सतरा हजारांत त्यांच्या रेजिमेंटची पोरं असती तर.

कधी कधी फळ उशिरा येतं आणि दुसऱ्याच झाडाला लागतं. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा प्रस्ताव आला तेव्हा संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी तो पाडला. त्या खासदारांच्या डोक्यात इराक होतं, हे त्या चर्चेत लपून राहिलं नव्हतं. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो की आज संध्याकाळी काय बदललं हे मोजत बसू नका, पुढच्या वेळी त्यांना हो म्हणणं किती महाग पडेल ते बघा.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते. सगळ्या सहभागाला लोक विरोध करत नाहीत. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून कोटभर निर्वासित आले, आपण उतरलो, देश पाठीशी होता. आपण शांतिसेनेत संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आजवर अडीच लाखांहून जास्त जवान पाठवलेत, कांगोपासून लेबनॉनपर्यंत, आणि तिथे शहीदही झालेत, त्यावर मोर्चा निघालेला मला तरी आठवत नाही. आणि आपल्या सीमेवर कोणी चालून आलं तर हा विषयच संपतो, कारगिलच्या वेळी आमच्या युनियनने एक दिवसाचा पगार दिला होता. शस्त्र विकण्याचं प्रकरण या सगळ्यात मधलं आहे. माणूस पाठवला नाही, पण हात आहे. काही जण म्हणतात धंदा आहे, आपण नाही विकलं तर दुसरा विकेल, शिवाय उद्या आपल्याला लागलं तर त्यांच्याकडूनच घ्यायचंय. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, कारगिलला आपल्याला इस्रायलकडून माल मिळालाच होता. पुतणीला याचं उत्तर देता यायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलची निर्यात थांबवा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, कोर्टाने परराष्ट्र धोरण हा आमचा प्रांत नाही म्हणून फेटाळली. म्हणजे कोर्ट म्हणतं सरकारला विचारा. मग सरकारला विचारायची जागा मैदान हीच उरते, निदान निवडणूक येईपर्यंत.

पाठवायचं की नाही? माझं म्हणाल तर पाठवा, पण डोळे उघडे ठेवून. मुंबईत जमावबंदीचा आदेश जवळजवळ बारा महिने चालूच असतो, त्यामुळे आझाद मैदानातली ठरवून दिलेली जागा सोडून दुसरीकडे कुठे फूटपाथवर, चर्चगेटला वगैरे उभं राहिलं की गाडीत घालतात. आयोजकांना सरळ विचारा की परवानगी लेखी मिळालीय का, पत्राचा फोटो मागा, त्यावर तारीख, वेळ, किती माणसं हे सगळं असतं. ‘मिळेल हो’ म्हणाले तर त्या दिवशी नको. कॉलेजचं ओळखपत्र जवळ हवं. घरचा नंबर पाठ हवा, फोन पोलिसांनी घेतला तर काय करणार. कोणी दुसऱ्या देशाचा झेंडा हातात दिला तर घ्यायचा की नाही हे तिने आधीच ठरवावं, तिथे गडबडीत ठरवू नये, आणि जवानांबद्दल कोणी वेड्यावाकड्या घोषणा देत असेल तर तिथून बाजूला व्हावं. ती सुभेदाराची मुलगी आहे, तिला हे वेगळं सांगायला नको. जायच्या आधी तिला एकदा दादांच्या समोर बसवा, आणि श्रीलंकेबद्दल विचारू दे. ते बोलले तर बोलले, नाही बोलले तर जबरदस्ती नको.

निदर्शन साधारण संध्याकाळी सहाला संपवायला लावतात, म्हणजे ऐन गर्दीत सीएसएमटी. डोंबिवलीपर्यंत बसून यायचं असेल तर पोरींना साडेपाचलाच निघायला सांगा.